रिकाम्या हातांची मोजणी

माझ्या बाबांचा उजवा हात चांगला धडधाकट होता, हे आधीच सांगून टाकते. जिनिंगमध्ये कापसाचा भरलेला बोरा ते एकट्यानं पाठीवर घेत आणि वरून विडी मागत. तरी त्या माघ पौर्णिमेला, पांढुर्ण्यातल्या आमच्या मोहल्ल्याच्या विहारात, भर दुपारी, सगळ्यांदेखत तो हात मांडीवरून काही उठला नाही. मी बायांच्या बाजूला बसले होते. आधी मला वाटलं, बाबांना ऐकू गेलं नाही. मग इकडेतिकडे पाहिलं, तर कोणाचाच हात वर नव्हता. बापा रे बापा! इतकी वर्षं झाली, तरी ती दुपार आठवली की माझ्या तोंडाचा आ मिटत नाही.

नीट सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल, हात वर केला नाही एवढ्यावरून हा गहजब कशाला.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. आमचा मोहल्ला बौद्धांचा. बरेच जण जिनिंगमध्ये, बाकीचे दुसऱ्यांच्या वावरात नाही तर संत्र्याच्या बागांमध्ये, आणि थोडी घरं पगाराची, म्हणजे कोणी रेल्वेत, कोणी शाळेत चपराशी. त्या साली पावसानं दगा दिला. बोंडं झाडावरच वाळली. दिवाळीनंतर जिनिंगचा भोंगा वाजायचा, तो वाजलाच नाही. मालकानं फाटकाला कुलूप घातलं आणि म्हणाला, कापूस नाही तर तुम्हाला काय माझ्या गाद्या पिंजायला ठेवू? बाबा आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण एका सकाळी रिकामे झाले.

सरकार रिकाम्या माणसाला काही देत असेल, तर ते आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. आमचं जे होतं ते मोहल्ल्याचं होतं. ज्या घरात कमावणारा आहे, त्या घरची बाई रोज संध्याकाळी मूठभर जवारी डब्यात टाकायची. पगारवाले पायलीनं द्यायचे. रविवारी सगळे डबे विहाराच्या कोठीत रिकामे व्हायचे, आणि ज्या घरात काम नाही त्या घरी त्यातली जवारी जायची. पोट टम्म भरायचं नाही, पण चूल थंड पडायची नाही. बरीच वर्षं हे चालत आलं होतं. तेव्हा रिकामी घरं असायची एखाद-दुसरी, त्यामुळे किती दिवस द्यायचं असा प्रश्न कोणी काढलाच नव्हता.

त्या वर्षी तो निघाला. शाळेतला चपराशी विहारात उभा राहिला आणि म्हणाला, "घेणारे वाढले अन् देणारे तेवढेच. आता सगळ्याइले थोडे थोडे दिवस द्या अन् बंद करा. कोठीले काय बूड नाही काय?"

लोक माना डोलवायला लागले. तेव्हा माझे बाबा उठले. बाबा कधी चारचौघांत बोलत नसत, मला तर धसकाच बसला. म्हणाले, "विहिरीचं पाणी खाली गेलं तं दोर लांब सोडा लागते. तुमी आखूड करून राहिले. एखादा माणूस रिकामा असंन तं त्याले सांगा, जा बाबा, दोन गावं फिर, काम भेटंन. पण सगळेच रिकामे असतीन तं तो फिरून फिरून जाईन कुठं? तवाच जास्त दिवस द्या लागते."

काय बोलले माझे बाबा! मी शेजारच्या पोरीला कोपरानं ढोसलं. मोहल्ल्याचा कारभार एक म्हातारे आजोबा पाहत, रेल्वेत गँगमन होते, आता घरी बसलेले. त्यांनी बाबांचं म्हणणं उचलून धरलं. ठरलं असं, की दर पौर्णिमेला वंदना झाली की विचारायचं, ज्याच्या घरी काम नाही त्यानं हात वर करावा. हात पुष्कळ निघाले तर जवारी मृगापर्यंत चालेल. दोन-चारच निघाले, तर गावात काम आहे असं समजायचं, वाटप तिथंच थांबवायचं आणि कोठीतलं धान्य पुढच्या अडचणीला राखायचं. नावं लिहायची नाहीत, हे आजोबांनी निक्षून सांगितलं. हात वर झाला, खाली आला, विसरून जायचं. लिहिलेलं माणसाच्या पोरांनाही चिकटतं, असं ते म्हणाले.

पहिली मोजणी माघ पौर्णिमेला होती. काळजी करायचं काही कारणच नव्हतं. अर्धा मोहल्ला रिकामा, हातांचं रान माजेल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या घरी त्या जवारीचं मोल जास्त होतं, कारण ताई माहेरी आलेली. पहिलं बाळंतपण. तिला मुलगी झाली होती, आणि ताई खाटेवर पार चोळामोळा होऊन पडली होती. सव्वा महिना तिनं उठायचं नाही, दोन वेळा पोटभर खायचं आणि लेकराला पाजायचं, हे मायनं ठरवून टाकलं होतं. माय म्हणायची, "बाळंतिणीच्या ताटात भाकर नसंन तं लेकराच्या तोंडात दूध येईन कुठून?" जवारी बंद झाली तर ताईला ओल्या अंगानं लोधीखेड्याला सासरी पाठवावं लागणार होतं. मायला त्याचाच घोर. बाळंतीण अर्ध्यात परत धाडली, तर सासरी जन्मभर बोलणी खाईल, आणि तेही मोठ्या घरात.

मोठं घर म्हणजे काय, तर ताईचा सासरा बोरगावकडच्या एका कारखान्यात कामाला होता. खाकी शर्ट-पँट, खिशावर शिक्का. लग्नातसुद्धा त्याच कपड्यांत मिरवला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. बाबांच्या जिनिंगमधल्या जोडीदारांना या इवायाचं फार कौतुक. कारखान्याचा इवाई, कारखान्याचा इवाई, असं करत त्याच्याभोवती घोळका करायचे. जावईबापूही बापाच्याच हाताखाली तिथं लागलेले.

आणि नेमका पौर्णिमेच्या सकाळी हा इवाई दारात उभा. ना निरोप, ना चिठ्ठी. नातीसाठी एक झबलं आणलं होतं, तेवढंच. मायनं डोक्यावर पदर ओढला आणि आत येऊन मला म्हणाली, "आता गं बया! आजच बरा मुहूर्त सापडला यायले."

जिनिंग बंद झाल्याचं आम्ही लोधीखेड्याला कळवलंच नव्हतं. माय म्हणत होती कळवा, बाबा म्हणत होते आज उघडेल, उद्या उघडेल. इवायानं विचारलं, "काय म्हणते जिनिंग?" बाबा म्हणाले, "चालू हाये ना, आज पौर्णिमेची सुट्टी." मी चहाची बशी पुढं केली आणि तशीच आत सटकले.

पाहुणा घरी आला आणि त्याला विहारात नेलं नाही, असं आमच्यात होत नाही. एका घरचा पाहुणा मोहल्ल्याचा पाहुणा. वंदनेला सगळ्यांत पुढं सतरंजीवर त्याला बसवलं, शेजारी बाबा. वंदना झाली. पंचशील झालं. सगळ्यांनी हात जोडून, एका सुरात म्हटलं, की खोटं बोलणार नाही. मी पण म्हटलं, बाबांनीही म्हटलं, त्यांचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता.

मग गँगमन आजोबा उभे राहिले. त्यांनी एकदा पाहुण्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. थोडं घुटमळले. पण ठरलं ते ठरलं. म्हणाले, "ज्याच्या घरी काम नाही, त्यानं हात वर करावा."

एक नाही. दुसरा नाही. जिनिंगमधले बाबांचे सगळे जोडीदार खाली मान घालून बसलेले, जसं काही सतरंजीची वीण तपासून राहिले. मला काही समजेना. काल नळावर याच लोकांच्या बायका रडत होत्या! मी शेजारच्या काकीला विचारलं, "काकी, हे काय करून राहिले?" काकी कुजबुजली, "चूप. सकाळीच ठरलं त्याइचं. तुह्या बाबाची इज्जत हाये. इवायासमोर मोहल्ला उघडा पाडायचा काय? हात दाखवून अवलक्षण कोण करंन?"

म्हणजे बाबांची लाज राखायला सगळा मोहल्ला उपाशी राहायला तयार झाला होता! चांगुलपणा म्हणावा की येडेपणा, मला आजही ठरवता येत नाही. मी बाबांकडे पाहत होते. मनात म्हणत होते, तुम्ही उचला. नियम तुमचा आहे, विहीर तुमची, दोर तुमचा, तुम्ही तरी उचला ना हो!

आणि तेवढ्यात हात वर झाला. पुढच्याच रांगेत. खाकी बाहीचा.

इवायाचा हात होता.

तो उठून उभाही राहिला. म्हणाला, "मी तुमच्या गावचा नाही. पण आताच शील घेतलं अन् तुमी विचारून राहिले, तं खोटं कसं सांगू? माझ्या घरी काम नाही. कारखान्याचं फाटक बंद होऊन दिवस झाले. पोरगाही घरीच हाये."

मला वाटलं, आता तरी बाबा उठतील. आता काय अडचण होती? ज्याच्यासाठी झाकलं त्यानंच उघडं केलं. पण बाबांची मान आणखी खाली गेली. इवाई खरा निघाला, आता आपण हात वर केला तर आपण खोटे होतो ना! सकाळी तोंडावर सांगितलं होतं, चालू हाये म्हणून. खड्डा आपणच खणला आणि आता त्यात आपणच बसून राहिलो, तशी गत.

माय उठायला लागली. काकीनं तिचं लुगडं धरलं आणि खाली ओढलं. "इवायासमोर नवऱ्याचं नाक कापतं काय?" माय बसली. पण तिच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

शाळेतला चपराशी म्हणाला, "पाहुण्याचा हात आपल्यात धरता येत नाही. आपला एकही नाही. म्हणजे गावात काम हाये." आजोबांनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. कोणीतरी बोलेल म्हणून ते थांबले असावेत. "मंग वाटप आजपासून बंद," ते म्हणाले, आणि काठी घेऊन निघून गेले.

घरी आलो. इवाई भिंतीला टेकून बसला आणि मोकळेपणानं म्हणाला, "बरं वाटलं, इवाई. तुमच्या इकडे एकही माणूस रिकामा नाही. मी हेच सांगायले आलो होतो, पण तोंड उघडत नव्हतं. आमच्या घरी दोन वेळची भाकर नाही. सुनेले अन् नातीले सव्वा महिन्यावर आणखी थोडे दिवस इथंच राहू द्या. आमची फजिती होते, पण काय करू?"

आणि माझे बाबा म्हणाले, "राहू द्या ना. आपलंच घर हाये."

हे ऐकलं आणि मायचा बांध फुटला. ती चुलीपासून उठून थेट बाहेर आली. इवायासमोर ती कधी मोठ्यानं बोलत नसे, पण त्या दिवशी पदर खांद्यावर, आवाज चढलेला. "काय राहू द्या? काय खाऊ घालता तिले? मिशीले तूप लावून किती दिवस फिरता? इवाई, ऐका. जिनिंग दिवाळीपासून बंद हाये. हे घरी हायेत, अर्धा मोहल्ला घरी हाये. विहाराच्या जवारीवर तुमची सून बाळंतीण झाली. ते जवारी आज तुमच्यासमोर बंद झाली, कारण या सगळ्याइले तुमची लाज वाटली!"

इवाई बाबांकडे पाहतच राहिला. "माझी?" तो म्हणाला. "माझी कायची लाज, इवाई? मी तं सगळ्याइच्या देखत हात वर केला."

बाबा एखाद्या चोरासारखे उभे होते. ताई आतल्या खोलीत जागी होती. तिनं सगळं ऐकलं. लेकराला छातीशी धरून दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली. रडत नव्हती, डोळे एवढे मोठे केले होते तिनं. "म्हणजे इथंही नाही अन् तिथंही नाही," ती म्हणाली. "मंग मी जाऊ कुठं?"

मला हुंदका फुटला.

संध्याकाळ व्हायच्या आत बाबा गँगमन आजोबांकडे गेले, मी मागोमाग. बाबांनी हात जोडले, सगळं कबूल केलं. आजोबा ओट्यावर बसून ऐकत होते. मला आशा होती, म्हातारा माणूस आहे, विरघळेल. पण ते असे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "खोटं बोलणार नाही म्हणाले, अन् जोडलेले हात खाली यायच्या आत सगळे मिळून खोटं बोलले! आता मी पगारवाल्याइले कोणत्या तोंडानं सांगू, की मोजणी खोटी होती, पुन्हा द्या? ते म्हणतीन, मंग खरी कोणती? तुह्याच म्हणण्यावर ठरलं ना, हात पाहायचे? हात पाहिले. आता पुढच्या पौर्णिमेले या."

"ताई बाळंतीण हाये, आजोबा," मी मधेच बोलले.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. त्यांनी आपल्या घरची जवारी माझ्या ओच्यात घातली, पण वाटप काही सुरू केलं नाही. त्यांची जवारी किती पुरणार? शेजाऱ्यांकडे मागायला जावं, तर त्यांच्या चुली आमच्यापायीच थंड व्हायला आलेल्या.

इवाई त्या दिवशी लोधीखेड्याला परत गेलाच नाही. दुसऱ्या सकाळी उजाडताच तो आणि बाबा घराबाहेर पडले. सौंसरच्या रस्त्याला एका तलावाचं माती-मुरमाचं काम निघालं होतं. काम तिकडं होतं म्हणा, पण जिनिंगमधल्या माणसाला मातीत उतरायचं म्हणजे जिवावर यायचं. आणि माणसं घ्यायची होती मोजकी. रोज उजाडायला जे पुढं उभे राहतील तेवढे घ्यायचे. कोण कोणाबरोबर गेलं, काय ठरलं, आम्हा बायांना कोणी काही सांगितलं नाही.

मायनं दुपारी मला भाकरी देऊन पाठवलं. ऊन बरंच चढलं होतं. मी मुरमाच्या ढिगाऱ्यावर चढले आणि खाली पाहिलं आणि तिथंच थांबले.

आमच्यात इवायाला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरू देत नाहीत. पोरीच्या सासऱ्याला आपल्या दारचं काम करावं लागलं, तर पोरीच्या बापानं गावात तोंड दाखवू नये, अशी रीत. आणि खाली खड्ड्यात माझे बाबा मुरमाची टोपली दोन्ही हातांनी उचलून इवायाच्या डोक्यावर ठेवत होते. खाकी शर्ट पार लाल झालेला. इवायाची मान भारानं दबली, पाय डगमगले. बाबा थबकले, टोपली परत उतरवायला लागले, तसा इवाई त्यांच्यावर खेकसला, "ठेवा ना! लाजून राहिले काय आता? सोडा हात!" बाबांनी हात सोडले. इवाई बांधाकडे चढू लागला. तो वळेपर्यंत बाबा तोंड फिरवून उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

मी भाकरी तिथल्या एका बाईजवळ ठेवल्या आणि पळाले. त्यांच्यासमोर जायची माझी छातीच झाली नाही.

त्या संध्याकाळी घरात जवारी आली. मायनं गरम भाकर थापली, वर तिळाची चटणी, आणि ताट ताईपुढं ठेवलं. मी काही बोलणार नव्हते. पण ताईनं विचारलं, "कोणी आणली जवारी?" आणि मला राहवलं नाही. जे पाहिलं ते सगळं सांगून टाकलं. कोणी कोणाच्या डोक्यावर काय ठेवलं, तेही.

ताईनं ताट दूर सारलं. "माझ्याच्यानं गिळवत नाही," ती म्हणाली.

मायनं समजूत घातली नाही, रागावलीही नाही. मांडीवरचं लेकरू उचलून ताईच्या छातीशी दिलं आणि चुलीकडे तोंड करून बसली. लेकरू ओढायला लागलं. बाहेर ओट्यावर दोघे बाप पाय धूत होते, नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग ताईनं एका हातानं ताट परत ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता खायला लागली.